फेझमधली कल्हई

मेडनहेडच्या आमच्या भाजीवाल्याकडे परवा कडू संत्री आली. दरवर्षी जानेवारीत येतात, थोडे दिवस राहतात आणि जातात. दिसायला ओबडधोबड, सालीवर खड्डे, आत बियाच बिया, आणि एकदा चुकून खाल्ली तर माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही. इंग्रज माणूस ती फक्त मार्मलेडसाठी घेतो. मी एक उचललं, नखाने साल जराशी खरवडली आणि वास घेतला. मागे उभ्या असलेल्या बाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. पाहू देत. त्या वासाने मी दरवर्षी एका अंगणात जाऊन उभी राहते, आणि त्यासाठी विमानात बसावं लागत नाही.

अंगण फेझमधलं. मोरोक्कोतलं हे जुनं शहर, गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून ओझ्याचं गाढव आलं तर भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. तिथल्या एका रियादमध्ये मी आणि वन्सं आठवडाभर राहिलो होतो. रियाद म्हणजे मधोमध अंगण असलेलं जुनं घर; आता अशा बऱ्याच घरांत पाहुणे उतरवून घेतात. आमच्या रियादच्या अंगणात कडू संत्र्याचं एक झाड होतं, फळांनी लगडलेलं. आणि वन्सं म्हणजे माझी नणंद, वसुधा. लीड्सच्या हॉस्पिटलात आयुष्यभर लहान मुलांच्या डॉक्टर होत्या. लग्न केलं नाही. वॉर्डातल्या नर्सेस आपल्याला टरकून असायच्या, हे त्या अजूनही अभिमानाने सांगतात. त्या वेळी त्या माझ्या नणंद होत्या की नव्हत्या, हाच खरा प्रश्न होता.

कारण त्याआधीच्या ऑक्टोबरात माझा आणि शिरीषचा घटस्फोट झाला होता. फारशी आदळआपट झाली नाही. त्याला शेजारच्या रीडिंग गावात दुसरं कुणीतरी भेटलं, तो तिकडे राहायला गेला, आणि बाकीचं वकिलांनी उरकलं. आमचा मुलगा रोहन मोठा, नोकरीला लागलेला. त्याची आत्या ती आत्या राहणारच होती. शिरीषची बहीण ती बहीणच. मी मात्र लग्नामुळे त्यांची भावजय झालेली, आणि आता लग्नच राहिलं नव्हतं. शिरीष गेल्याचं दुःख मी पचवलं, पण वन्सं जातील की काय या विचाराने मला धडकी भरायची. मी या देशात नवखी आले तेव्हा कोणत्या दुकानात कोथिंबीर मिळते इथपासून जी.पी.कडे काय बोलायचं इथपर्यंत सगळं त्यांनी शिकवलं. रोहन झाला तेव्हा त्या डिंकाचे लाडू घेऊन लीड्सहून गाडी चालवत आल्या आणि मला पलंगावरून उठू दिलं नाही. माझं माहेर नाशिकचं, पण इंग्लंडातलं माहेर म्हणजे लीड्सच.

फेझची ट्रिप वन्संच्या रिटायरमेंटची, आम्हा तिघांची ठरलेली. घटस्फोटानंतर मी ती गृहीतच धरली नव्हती. एक दिवस त्यांचा फोन आला.

"बुकिंग तिघांचं आहे. शिरीषला मी सांगितलंय, यू आर नॉट कमिंग. आपण दोघी जाऊ."

"वन्सं, बरं दिसेल का?"

"कुणाला?"

 रोहनला सांगितलं तर तो म्हणाला, "तू आणि आत्या? टुगेदर, होल वीक? इट्स अ बिट वियर्ड, आई. आता ती तुझा कोण असते?" त्याच्या मराठीत कोण पुरुष आणि कोण बाई याचा पत्ता लागत नाही, पण प्रश्न बरोबर होता.

आता डब्याचं सांगायला हवं. वन्संचा एक पितळी डबा आहे, कडीचा, घट्ट झाकणाचा. झाकणावर माझ्या सासूबाईंचं नाव कोरलंय: 'सौ. कमल', आणि खाली 'सातारा'. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात ती कार्याला, पंगतीला घरोघर गेलेली भांडी परत यावीत म्हणून. हा डबा मात्र कुठल्याच घरी टिकला नाही. सासूबाईंनी तो वन्संबरोबर इंग्लंडला दिला, आणि मी आल्यापासून तो लीड्स आणि मेडनहेडमध्ये फिरत राहिला. त्या येताना चकल्या भरून आणायच्या, मी जाताना वड्या न्यायचे. भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, एवढं आम्हा दोघींच्या अंगात मुरलेलं. आतली कल्हई कधीच उडाली होती. या देशात कल्हई कोण करून देणार? म्हणून आत बटर पेपर लावून आम्ही वेळ भागवायचो. शिरीषने घर सोडलं तेव्हा डबा नेमका माझ्याकडे होता.

मी ठरवलं की या ट्रिपमध्ये तो वन्संना देऊन टाकायचा. त्यांच्या आईचा डबा, त्यांनी मागायची वेळ येऊ नये. आणि मनात दुसरंही होतं. उद्या त्यांचं येणं-जाणं हळूहळू कमी होणार, फोन दिवाळीपुरते उरणार, तर ते असं झिजत जाण्यापेक्षा आपणच नीट हातात हात देऊन मोकळं व्हावं. रिकामा द्यायचा नाही, म्हणून वेम्बलीहून बेसन आणलं, लाडू केले, डबा भरला आणि टॉवेलात गुंडाळून सूटकेसच्या तळाशी ठेवला. शेवटच्या दिवशी काढायचा, हसत द्यायचा आणि विषय संपवायचा. ठरवताना हे फार सोपं वाटलं होतं.

फेझमध्ये उतरलो तर पाऊस. आफ्रिका म्हणून मी सनग्लासेस घेतले होते. वन्संनी थर्मल घेतली होती. गल्लीत नुसती मातकट भिंत, खिडकी नाही, सज्जा नाही, तळहाताएवढी नावाची पाटी. दार एवढं बुटकं की जेमतेम पाच फुटांच्या वन्संनाही वाकावं लागलं. आत एक अंधारा बोळ, त्याला एक वळण, आणि मग एकदम वरून उजेड. निळ्या-पांढऱ्या फरशा, कोरीव खांब, चारी बाजूंनी खोल्या, आणि मधोमध ते झाड, पावसात निथळत उभं. सगळं घर गल्लीकडे पाठ करून आपल्या अंगणाकडे तोंड करून बसलेलं.

आमच्या मेडनहेडला याच्या नेमकं उलट. पुढे बे विंडो, पुढे बाग, पुढे गुलाब, सगळं येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावं म्हणून. मागच्या खोलीत काय चाललंय ते कुणाला कळत नाही. ज्या उन्हाळ्यात आमचा संसार उसवत होता, त्याच उन्हाळ्यात शेजारच्या बाईंनी थांबून थांबून आमच्या फुलांचं कौतुक केलं होतं. मीही त्यांना खताचं नाव सांगितलं होतं.

रियाद चालवणारा सईद पन्नाशीचा, अदबशीर गृहस्थ. त्याने पुदिन्याचा चहा दिला आणि पासपोर्ट बघितले. दोघींचं आडनाव एकच. मी ते अजून बदललं नव्हतं.

"सिस्टर्स?" त्याने हसून विचारलं.

मी वन्संकडे बघितलं. त्या काय म्हणतात हे मला ऐकायचं होतं. वन्संनी चहाचा घोट घेतला, छताकडे बघितलं आणि म्हणाल्या, "इज देअर एनी हीटिंग, लव्ह?"

हीटिंगचं उत्तर मिळालं. एक छोटा हीटर होता, तो आळीपाळीने वापरायचा. माझ्या प्रश्नाचं मात्र राहिलं. सरळ बोलायचं तर मला ते लागलं. नणंद नाही म्हणायचं तर नका म्हणू, पण काहीतरी म्हणा. त्या दिवसापासून 'वन्सं' अशी हाक मारताना मी दरवेळी किंचित अडखळायला लागले. त्यांच्या ते लक्षात आलं असणार, कारण त्यांच्या लक्षात येत नाही असं काही नसतं.

जुन्या फरशीचं ते घर बर्फासारखं गार होतं. आम्ही कोट घालून नाश्ता करायचो. तीन खोल्यांपैकी तिसरी, शिरीष घोरतो म्हणून त्याच्यासाठी वेगळी घेतलेली, आम्ही ओले कपडे वाळत घालायला वापरली. "कधी नव्हे तो त्याचा उपयोग होतोय," वन्सं म्हणाल्या. मी हसले आणि मग हसावं की नाही हे मला कळेना.

अशा घरात गुपित राहत नाही. सगळ्या खोल्यांची दारं अंगणात, त्यामुळे वरच्या सज्जातली कुजबुजसुद्धा खाली जशीच्या तशी येते. दुसऱ्या संध्याकाळी मी झाडाखाली पुस्तक घेऊन बसले होते आणि वर वन्सं फोनवर बोलत होत्या.

"हो, बरी आहे ती... नाही, मी निरोप देणार नाही. यू हॅव हर नंबर... भाऊ आहेस म्हणून फोन उचलते शिरीष, बाकी काही विचारू नकोस."

बरं वाटलं. भाऊ आहेस म्हणून. त्याला कारण द्यायची गरज नव्हती, नातं जन्मापासूनच होतं. मी पुस्तकाचं पान उलटलं, वाचलं काहीच नव्हतं.

या रियादच्या स्वयंपाकघरात लतीफा नावाची बाई होती. आमच्याच वयाची, रुंद हाडाची, बोलणं अरबी आणि थोडं फ्रेंच. तिसऱ्या दिवशी तिने ताटलीत एक गोड पदार्थ आणून दिला. भाजलेलं पीठ, तीळ, बदाम, मध, तूप. वन्संनी चमचाभर खाल्ला आणि म्हणाल्या, "ही बाई लाडू वळायला विसरली का?" सईदने सांगितलं, त्याला सेल्लू म्हणतात आणि तो असाच मोकळा खातात. आम्ही ताटली चाटूनपुसून साफ केली. मग आली पंचाईत. रिकामी ताटली परत कशी द्यायची?

"तुझ्याकडे काय आहे?" असं म्हणत वन्संनी माझी सूटकेस उघडलीसुद्धा. माझी बॅग, माझा फ्रीज, माझं कपाट न विचारता उघडणं हा त्यांचा जुना हक्क. मी "थांबा" म्हणेपर्यंत टॉवेल सुटला होता.

"अगं, आईचा डबा. हा इथवर आणलास?"

"लाडू आहेत त्यात."

"गुणी आहेस." त्यांनी झाकण उघडून वास घेतला. "पण लपवून का ठेवलेस?"

सांगायची ती वेळ होती. मी म्हटलं, फुटतील म्हणून.

ताटलीतून लाडू स्वयंपाकघरात गेले. लतीफाने एक खाल्ला, डोळे मिटले, मान हलवली. दुसऱ्या दिवशी तीच ताटली घडीच्या पराठ्यांनी भरून परत. म्हणजे तिच्याकडेही रिकामं भांडं फिरवायची पद्धत नव्हती, आणि मग ते कुठे थांबणार? आम्ही लाडू दिले, तिने ऑलिव्ह दिले. आम्ही चिवडा दिला, तिने मिठात मुरलेली लिंबं दिली, जी चाखून वन्सं म्हणाल्या की हे आपलं उपासाचं लोणचं आहे, फक्त जिरं राहिलंय. त्यांच्या ठेवणीतलं मेतकूट गेलं, लीड्सहून आणलेल्या टी बॅग्ज गेल्या. ताटली देताना वन्सं मराठीतच म्हणायच्या, "घ्या हो, संकोच करू नका," आणि लतीफा अरबीत लांबलचक काहीतरी उत्तर द्यायची. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि गप्पा संपत नव्हत्या. सईद मध्ये दुभाष्याचं काम करायला गेला तर दोघींनी त्याला हाकललं.

या सगळ्यात माझा डबा रिकामा झाला. शेवटचे दोन लाडू गेले तेव्हा मी नुसती बघत राहिले. रिकामा डबा वन्संच्या हातात ठेवून निरोप घेणं मला जमलं नसतं. घटस्फोट एक वेळ जमला, हे नाही.

त्याच दिवशी पाऊस थांबला आणि आम्ही तांबटांच्या चौकात गेलो. छोटासा चौक, चहूबाजूंनी दुकानं, हंडे, पराती, चहाची भांडी, आणि ठोकण्याचा एवढा आवाज की बोलायची सोय नाही. एका कोपऱ्यावर वन्सं एकाएकी थांबल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"शैला, वास येतोय?"

"कसला?"

"कल्हईचा."

बरोबर होतं. एक म्हातारा भट्टीपुढे बसला होता. त्याने तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकला, पांढरा धूर उठला, कथलाची कांडी आत फिरवली आणि कापसाच्या बोळ्याने पुसली. काळंकुट्ट पातेलं डोळ्यांदेखत चांदीसारखं झालं. साताऱ्याला कल्हईवाला यायचा तेव्हा आळीतली सगळी पोरं त्याच्याभोवती उकिडवी बसायची, वन्संनी सांगितलं. आई भांडी देऊन पाठवायची आणि बजावायची, लक्ष ठेव, अदलाबदल होईल, नाव बघून घे. रिटायर झालेल्या डॉक्टरीणबाई गुडघे दुखत असतानाही तिथे दगडावर टेकल्या आणि दोन-तीन भांडी होईपर्यंत हलल्या नाहीत. "इतकी वर्षं लीड्समध्ये होते," त्या उठताना म्हणाल्या, "मला हा वास आठवलासुद्धा नव्हता गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हात पुढे केला. "तो डबा दे. रिकामाच आहे ना? कल्हई करून आणते."

"मी येते ना बरोबर."

"नको. तू बस इथे. सईद येतोय."

मी बसले. माझ्या मनाने काय हिशेब लावला ते सांगते. बाईंना आईचा डबा दिसला, आता त्या तो नीट करून घेणार आणि घरी नेणार. जे मी द्यायचं ठरवलं होतं ते त्या न मागताच घेतायत. बरंच झालं, असं मी स्वतःला दोनदा सांगितलं. अंगणात पहिल्यांदाच ऊन पडलं होतं. लतीफा झाडाखाली पडलेली संत्री वेचत होती. तिने एक माझ्या हातात दिलं आणि खुणेने सांगितलं, खायचं नाही, नुसतं हुंगायचं. मी साल खरवडली. रडू आलं ते त्या वासाने आलं असं तिला वाटलं असावं, कारण तिने दुसरं संत्रं दिलं नाही.

वन्सं जेवणाची वेळ टळून गेल्यावर आल्या. डबा त्यांनी मला दाखवलाही नाही, सरळ स्वयंपाकघरात नेला. तिथून तो सेल्लूने भरून, एका फडक्यात गाठ मारून बाहेर आला. फडक्याच्या फटीतून नुसती पितळेची कड दिसत होती. वन्संनी तो माझ्या सूटकेसवर ठेवला.

निघायच्या दिवशी सकाळी झाडाखाली बसून वन्सं बुटांच्या नाड्या बांधत होत्या. मी गाठोडं उचलून त्यांच्यासमोर धरलं.

"वन्सं, हा तुमच्याकडे राहू दे. तुमच्या आईचा आहे. आता माझ्याकडे बरा दिसत नाही."

"कुणाला?"

पुन्हा तेच. त्यांनी दुसऱ्या बुटाची नाडी बांधली, सावकाश, डबल गाठ मारून.

"आणि हा लतीफाने भरलाय, तू नाही. दुसऱ्या कुणी भरलेला डबा मी तुझ्याकडून घेत नाही. घरी ने, गाठ सोड, मग बघू."

मग बघू हा डॉक्टर लोकांचा ठेवणीतला शब्द. त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो. लंडनला उतरल्यावर त्या किंग्ज क्रॉसकडे गेल्या, मी पॅडिंग्टनकडे. जाताना त्यांनी माझा मफलर घट्ट केला आणि म्हणाल्या, "पोचल्यावर फोन कर." हे त्या पहिल्यापासून म्हणतात, त्यामुळे त्यावरूनही काही ठरवता येईना.

मेडनहेडच्या स्वयंपाकघरात, कोटही न काढता, मी गाठ सोडली.

झाकण घासूनपुसून लख्ख केलेलं. वर 'सौ. कमल', खाली 'सातारा', इतक्या वर्षांनी बोथट झालेली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं. आणि त्याखाली नवी, छिन्नीने कोरलेली, पिवळी धमक अक्षरं: 'शैला'. त्याखाली 'मेडनहेड'. सौ. नाही, श्रीमती नाही, नवऱ्याचं नाव नाही, आडनाव नाही. ज्याने कोरलं त्याला ही लिपी ओळखीची नव्हती. वन्संनी लिहून दिलेलं त्याने चित्रासारखं उतरवलं होतं, आणि त्यामुळे अक्षर थेट वन्संचं आलं होतं, प्रिस्क्रिप्शनवर असतं तसं. मी खुर्चीवर बसले. कितीतरी वेळ मी त्या अक्षरांवरून बोट फिरवत होते.

डबा तेव्हापासून पुन्हा फिरायला लागला. आत्ता तो इथे ओट्यावर आहे, शनिवारी लाडू भरून लीड्सला जाईल, आणि शेजारच्या पिशवीत किलोभर कडू संत्री, कारण मार्मलेड करावं तर वन्संनीच. मी केलेलं पातळ होतं आणि त्या तसं तोंडावर सांगतात. पण त्या दिवशीचा फोन सांगायचा राहिला.

"पोचलीस?" त्यांनी विचारलं. त्या अजून ट्रेनमध्येच होत्या.

"वन्सं, डब्यावर..." मी म्हटलं. या वेळी अडखळले नाही.

"हो. शिरोरेघ जरा लांब ओढली त्याने. मी म्हटलं, असू दे."

"आडनाव नाही घातलंत."

"जागा नव्हती."

जागा भरपूर होती. झाकण माझ्या समोरच होतं.  पलीकडे ट्रेनमध्ये कुठल्या तरी स्टेशनाचं नाव पुकारत होते.

"त्या म्हाताऱ्याने विचारलं मला," त्या मग म्हणाल्या. "सईद नमाजाला गेला होता, आणि हा फ्रेंचमध्ये. दोन्ही नावांवर बोट ठेवून म्हणतो, वरची आई आणि खालची तिची मुलगी का?"

"मग?"

"मग काय, मी 'वी' म्हटलं. 'हो' एवढंच फ्रेंच येतं मला."